वेळ कोण लावतं?

घरातल्या एकेका वस्तूचा इतिहास सांगायचा, असं आमच्या या भाषणमालेचं ठरलेलं आहे. जातं झालं, चूल झाली, शिवणयंत्र झालं. आज आम्ही सांगणार आहोत ठरल्या वेळी आपोआप लागणाऱ्या आणि आपोआप बंद होणाऱ्या दिव्यांची आणि यंत्रांची गोष्ट. शहरात याला होम ऑटोमेशन म्हणतात. मोबाइलवर वेळ लावून ठेवली, की संध्याकाळी साडेसहाला अंगणातला दिवा लागतो, पहाटे पाचला गिझर सुरू होतो, टाकी भरली की मोटार बंद होते. घरात कुणी नसलं तरी चालतं.

तुमच्यातली एखादी म्हणेल, हे बंगल्यातल्या लोकांचं काम, आपल्याला त्याचं काय? पण जरा शिवारात बघा. विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो, टाकीतला फ्लोट, ग्रामपंचायतीच्या खांबावरचा टायमर, ही सगळी त्याच घराण्यातली भावंडं आहेत. आपल्या शेतातही हा प्रकार नांदतोय. आणि या सगळ्या इतिहासात एक प्रश्न पहिल्यापासून चालत आलाय. वेळ कोण लावतं, आणि त्या वेळेप्रमाणे उठायचं कुणी?

भोक असलेलं तांब्याचं भांडं

आपल्या देशातलं वेळ लावण्याचं जुनं साधन म्हणजे घटिकापात्र. तांब्याची एक हलकी वाटी, तिच्या बुडाला बारीकसं भोक. ती पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत ठेवायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं, वाटी जड होते आणि बुडते. ती बुडाली की एक घटिका झाली. अशा ६० घटिका म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. आजच्या हिशेबानं एक घटिका २४ मिनिटांची. आपण अजूनही म्हणतो, 'घटकाभर बस गं' किंवा 'त्याची घटका भरली'. भांडं गेलं, शब्द राहिले. लग्नाचा मुहूर्त साधायला हेच पात्र लावत असत.

या पात्राची एक कथा आपल्या मातीतली आहे. भास्कराचार्य हे मोठे गणिती, जन्म १११४ सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्यांच्या गणिताच्या ग्रंथाचं नाव 'लीलावती'. लीलावती ही त्यांची मुलगी, असं लोक सांगतात. तिच्या लग्नाला एकच शुभ घटका होती म्हणे. वडिलांनी घटिकापात्र लावलं. नटलेली मुलगी कुतूहलानं वाकून बघायला गेली आणि तिच्या दागिन्यातला एक मोती वाटीत पडला. तो नेमका भोकावर बसला. पाणी आत येईना, वाटी बुडेना, सगळे वाट बघत राहिले आणि घटका टळून गेली. लग्न राहिलं ते राहिलंच.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून तिला पुरावा नाही. पण तिच्यात एक गोष्ट नीट दिसते. बिघडलं काय? यंत्र. दोष कुणाच्या कपाळी आला? मुलीच्या. तिनं वाकून बघितलंच कशाला, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. भांड्याजवळ एखादा जाणता माणूस बसवून भोकाकडे नजर ठेवायला हवी होती, असं मात्र कुणी म्हटलं नाही. स्वयंचलित यंत्र म्हणजे डोळे मिटून विसंबावं असं यंत्र नव्हे. हा धडा तेव्हाचा आहे आणि आजच्या मोटारीच्या ऑटोलाही लागू आहे. त्याकडे आम्ही पुढे येतोच.

दिवा लांबला, दिवस लांबला

आता एकदम गिरणगावात येऊ. आपल्यातल्या कितीतरी जणींचे आजे-पणजे सातारा, रत्नागिरी, पुणे, नगर या जिल्ह्यांतून मुंबईच्या कापड गिरण्यांत गेले. गिरणीचा भोंगा हे तिथलं घड्याळ. भोंगा वाजायच्या आत भाकरी झालेली हवी, म्हणजे बाईचा दिवस भोंग्याच्या आधीच सुरू व्हायचा. घड्याळ मालकाचं, आणि ते गाठायची धावपळ बाईची.

सुरुवातीच्या काळात गिरण्या उजेडाच्या हिशेबानं चालत. सूर्य उगवला की चाकं सुरू, मावळला की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस लहान आणि उन्हाळ्यात मोठा. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास उभं राहावं लागे. जेवायची सुट्टी अपुरी, आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही.

या वेळेविरुद्ध आवाज उठवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार बायांनी भाषणं केली. त्या काळात, एवढ्या पुरुषांसमोर! मागणी होती आठवड्यातून एक दिवस सुट्टीची. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा आली.

पण पुरुषांच्या कामाला तेव्हा मर्यादा नव्हती आणि तेवढ्यात आली वीज. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ सालीच विजेचे दिवे लागले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते गिरण्यांत पसरले. आता सूर्य मावळण्याशी कामाचा संबंध उरला नाही. दिवा लावा आणि चाकं चालू ठेवा. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि कामगार रस्त्यावर उतरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली.

दिवा ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण दिवा किती वेळ जळायचा हे ज्याच्या हाती असतं, त्याच्याच हाती दुसऱ्याच्या कामाचे तास जातात. सुट्टी आणि तासांची मर्यादा दिव्यानं दिली नाही. ती माणसांनी एकत्र येऊन मागितली, तेव्हा मिळाली.

घड्याळाला जोडलेला खटका

रस्त्यावरचे दिवे पूर्वी माणूस लावायचा. शहरांत गॅसचे दिवे होते. मुंबईत ते १८६० च्या दशकात आले. लहान गावांत रॉकेलचे कंदील. खांद्यावर शिडी टाकून दिवाबत्तीवाला संध्याकाळी फिरायचा, खांबाखांबावर चढून दिवा लावायचा आणि पहाटे विझवायचा. इंग्लंड-अमेरिकेतल्या अनेक गावांत चांदण्या रात्री दिवे लावतच नसत. तेल आणि गॅस वाचवायला चंद्राप्रमाणे वेळापत्रक करायचे.

एकोणिसावं शतक संपता संपता या कामाला घड्याळ जोडलं गेलं. युक्ती साधी होती. घड्याळाच्या फिरत्या तबकडीला दोन खिळे लावायचे. पहिला खिळा फिरत खटक्याशी आला की खटका चालू, दुसरा आला की बंद. आज बाजारात प्लगमध्ये खोचायचा जो साधा फिरता टायमर मिळतो, त्याच्या पोटात हेच तत्त्व आहे. पुढे इंग्लंडमधल्या बाथ शहरात हॉर्स्टमन नावाच्या कारखान्यानं असे खटके बनवण्यात नाव कमावलं. पण सूर्य रोज वेगळ्या वेळी मावळतो, त्याचं काय करायचं? मग अशी तबकडी निघाली, की तिचे खिळे ऋतूप्रमाणे आपले आपण थोडे थोडे सरकत. जूनमध्ये दिवा उशिरा लागे, डिसेंबरमध्ये लवकर. वर्षभराचं पंचांग एका चाकात बसवलं म्हणा ना.

घरातही घड्याळ कामाला लागलं. १९०२ साली बर्मिंगहॅमच्या फ्रँक क्लार्क नावाच्या बंदुका बनवणाऱ्यानं आपोआप चहा करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ठरलेल्या वेळी घड्याळाच्या यंत्रानं काडी ओढली जायची, स्पिरिटचा स्टोव्ह पेटायचा, पाणी उकळलं की किटली कलंडून गरम पाणी भांड्यात ओतायची आणि मग गजर व्हायचा. निजलेल्या माणसाच्या उशाशी पेटती काडी! विजेवर चालणारं, धोका कमी असलेलं यंत्र पुढे १९३० च्या दशकात आलं आणि घरोघर गेलं. एवढा खटाटोप कशासाठी? तोवर मोठ्या घरांत सकाळचा चहा खोलीत आणून द्यायला मोलकरणी असत. मुली कारखान्यांत आणि दुकानांत कामाला जाऊ लागल्या, मोलकरणी मिळेनाशा झाल्या, आणि मग यंत्राची गरज पडली. पहाटे उठणारी बाई फुकट मिळते तोवर यंत्राची आठवण कुणाला येत नाही. ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही.

स्वयंपाकघरातला संगणक

१९६६ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये वेस्टिंगहाऊस कंपनीचे अभियंता जिम सदरलँड यांनी कंपनीत उरलेले सुटे भाग जमवून घरासाठी संगणक तयार केला. त्याचं नाव 'एको फोर'. वजन साडेतीनशे किलोच्या वर, चार मोठी कपाटं भरतील एवढा. तो घरातली घड्याळं चालवायचा, खोलीची ऊब सांभाळायचा, टीव्हीवर नजर ठेवायचा आणि वाणसामानाची यादी करायचा. घर चालवणारा संगणक म्हणून तो आज इतिहासात नोंदला जातो. बाजारात मात्र तो कधी आला नाही.

तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' एका श्रीमंती दुकानाच्या भेटवस्तूंच्या पुस्तकात झळकला. किंमत दहा हजार डॉलरच्या वर. त्या काळी तेवढ्यात घर घेता आलं असतं. बाईनं त्यात पाककृती साठवाव्यात आणि आज काय रांधायचं ते त्याला विचारावं, अशी कल्पना. पण त्याला ना पडदा, ना अक्षरांच्या कळा. खटके वरखाली करून विचारायचं आणि मिणमिणत्या दिव्यांच्या रांगेवरून उत्तर ओळखायचं. ते शिकायला दोन आठवड्यांचा वर्ग होता आणि सोबत एक ॲप्रन भेट. एकही किचन कॉम्प्युटर विकला गेल्याची नोंद नाही.

हसू येतं खरं, पण त्यातली चूक नीट बघा. आज रात्री काय करायचं हे बाईला अर्ध्या मिनिटात सुचतं. तिला मदत हवी असते ती भांड्यांची, धुण्याची, पाणी भरण्याची. बनवणाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या बाईला विचारलंच नाही. आपल्याकडेही बिनधुराच्या म्हणून आलेल्या कितीतरी चुली कोपऱ्यात पडल्या, त्याचं एक कारण हेच होतं.

खरं कामाचं साधन आलं १९७५ साली, स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथेस गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीकडून. त्याचं नाव 'एक्स टेन'. यात नवीन वायर ओढायची गरज नव्हती. घरात वीज ज्या वायरीतून येते, त्याच वायरीतून बारीक संदेश सोडायचा. प्रत्येक दिव्याला, पंख्याला एक खूण दिलेली. आपली खूण ऐकू आली की तो दिवा लागतो, बाकीचे गप्प राहतात. अशा २५६ खुणा करता येत. गर्दीत नावानं हाक मारली की ज्याचं नाव तोच वळून बघतो, तसं. अडचण एवढीच, की वायरीत दुसऱ्या यंत्रांची खरखर झाली तर हाक ऐकू जात नसे, किंवा भलताच दिवा लागे. आता वायफायवर आणि मोबाइलवर चालणारी साधनं आली आहेत, पण हाक मारण्याची रीत तीच आहे.

रेडिओनं फिरवलेला खटका

आता खास आमच्या आवडीची गोष्ट. इंग्लंडमध्ये रात्री विजेला गिऱ्हाईक नसे, पण मोठी वीजकेंद्रं रात्री बंद करणं परवडत नसे. म्हणून १९७८ साली तिथे 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त. लोकांनी विटांचे हीटर घेतले. रात्री स्वस्त विजेवर विटा तापवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब घ्यायची.

पण लाखो घरांतले खटके ठरल्या वेळी फिरवायचे कसे? १९८० च्या दशकात त्यांनी रेडिओची मदत घेतली. बीबीसीच्या लाँगवेव्ह प्रसारणात, म्हणजे लोक ज्या लहरींवर बातम्या आणि गप्पा ऐकत होते त्याच लहरींत, कानाला न कळणारा संदेश मिसळला. घराघरातल्या मीटरजवळची पेटी तो संदेश पकडायची आणि हीटरचा खटका फिरवायची. बाई स्वयंपाकघरात श्रुतिका ऐकतेय आणि तोच रेडिओ तिच्या घरातला हीटर चालू करतोय! २०२५ पासून ही पद्धत टप्प्याटप्प्यानं बंद करून तिथे स्मार्ट मीटर बसवायला घेतले आहेत. रेडिओ केवळ करमणुकीचा नाही, हे यातून कुणालाही पटावं.

आपल्या शिवारातलं वेळापत्रक

आता घरी येऊ. महाराष्ट्र राज्य झालं १९६० साली आणि त्याच वर्षी २० जूनला राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. गावोगाव खांब गेले, विहिरींवर मोटारी बसल्या, मोट आणि बैल सुटले. २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि आपल्या दारात वीज आणणारी महावितरण आली. ते दिवस भारनियमनाचे होते. वीज कमी, मागणी जास्त. तेव्हा गावठाण आणि शेती बऱ्याच ठिकाणी एकाच फीडरवर असे. शेतीची लाइन बंद केली की गावही अंधारात, पोरांचा अभ्यास बंद, पिठाची गिरणी बंद. मग गावठाणाचा फीडर वेगळा करण्याची योजना आली. गावाला वेगळी तार, शेतीला वेगळी. गावातला दिवा टिकू लागला.

शेतीच्या तारेला मात्र वेळापत्रक आलं. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री आठ-दहा तास, आलटून पालटून. याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. रात्री वीज आली की रात्री दारं धरायला जायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडं, पायाखाली चिखल, साप-विंचवाची भीती, जुन्नरसारख्या भागात बिबट्याची. घरचा माणूस बाहेरगावी कामाला असेल किंवा बाई एकटी असेल, तर तिनं जायचं. जो वेळापत्रक करतो तो कचेरीत, आणि जी त्याप्रमाणे उठते ती बांधावर.

या अडचणीतून ऑटो जन्मला. वीज आली की स्टार्टर आपोआप ओढला जातो आणि मोटार सुरू होते. रात्रीची फेरी वाचली. हे आपलं गावठी होम ऑटोमेशन. पण त्याचे दोन तोटे आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की मोटार सुरू होताना चालत्या मोटारीच्या पाच-सहा पट वीज ओढते. एका डीपीवर वीस मोटारी, वीसही ऑटोवर. वीज येते त्या क्षणी सगळ्या एकदम ओढतात आणि डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत सगळ्यांचंच पीक वाळतं. म्हणून महावितरण ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा असं आवाहन करत असते. दुसरा तोटा त्याहून मोठा. वीज गेलेली आहे म्हणून कुणी मोटारीला हात लावतं आणि तेवढ्यात वीज येते. ऑटोला माणूस दिसत नाही. घटिकापात्राच्या भोकावर बसलेला मोती घटिकापात्राला दिसला नव्हता, तसंच. म्हणून मैत्रिणींनो, हात लावण्याआधी मेन स्विच खाली ओढा. लाइट गेलेली आहे यावर कधीही विसंबू नका.

यावर एक शहाणा तोडगा पुण्यातून निघाला. अभियंता संतोष ओस्तवाल यांनी लहानपणी आजोबांना मोटार चालू करायला लांबवर पायपीट करताना पाहिलं होतं. त्यांनी 'नॅनो गणेश' नावाची पेटी तयार केली. स्टार्टरला ती जोडायची, घरून मोबाइलवरून खुणेचा आकडा दाबायचा. वीज आहे का, मोटार चालू आहे का, हे फोनवर कळतं आणि मोटार चालू-बंद करता येते. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत या कल्पनेला पारितोषिक मिळालं. आता अनेक कंपन्यांचे मोबाइल स्टार्टर मिळतात. यात वीज आली की आंधळेपणानं मोटार सुरू होत नाही, माणूस ठरवतो. काही स्टार्टरमध्ये तर वीज आल्यावर किती मिनिटांनी सुरू व्हायचं तेही लावता येतं. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसात दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवलं, तर डीपीवरचा भार विभागला जातो.

पण इथेही आम्ही एक प्रश्न विचारू. त्या पेटीत नंबर कुणाचा टाकलेला आहे? शेतात राबणारी बाई आणि नंबर पुण्याला असलेल्या दिराचा, असं असेल तर पाणी बंद करायला तिनं त्याला फोन लावायचा का? बऱ्याच पेट्यांत एकाहून जास्त नंबर टाकता येतात. तुमचा टाकून घ्या आणि ती चालवायला शिका.

आता वेळापत्रक पुन्हा बदलतंय, आणि यावेळी सूर्याच्या बाजूनं. शेतीचे फीडर सौर विजेवर चालवून दिवसा पाणी द्यायची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. राळेगणसिद्धीला प्रायोगिक प्रकल्प झाला. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्याच वर्षी केंद्र सरकारनं नियम केला, की स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकाला उन्हाच्या तासांत वीज नेहमीपेक्षा १० ते २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत १० ते २० टक्के महाग. शेतीची वीज यातून वगळली आहे. महाराष्ट्रातही २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झाली. इंग्लंडात रात्र स्वस्त झाली होती, आपल्याकडे दुपार स्वस्त होतेय. ज्या गटाची मसाल्याची किंवा पिठाची गिरणी आहे, त्यांनी आपलं बिल काढून कोणत्या तासाला कोणता दर लागतो ते एकदा बसून बघावं.

वाचलेला वेळ गेला कुठे?

अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्त्झ कोवन यांनी १९८३ साली 'मोर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली तरी बाईचं काम का संपलं नाही, याचा शोध त्यात आहे. लोखंडी शेगडी आली तेव्हा लाकडं फोडायचं पुरुषाचं काम कमी झालं, रांधायचं बाईचं काम तसंच राहिलं. उलट पदार्थ वाढले. धुण्याचं यंत्र आलं तेव्हा कपडे रोज बदलायची रीत आली. यंत्रानं घाम कमी केला, तास कमी केले नाहीत.

आपल्या देशाचं २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण बघा. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७ मिनिटं. आणि असं काम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. टायमरनं पहाटेची वीस मिनिटं वाचवली, तर ती वीस मिनिटं कुणाच्या पदरात पडणार, हे यंत्र ठरवत नाही. ते घरात बोलून ठरवावं लागतं.

गटाच्या बैठकीसाठी

आता चार कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, टायमर घेताना त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. गिझरला १६ अँपिअरचा लागतो. बादलीत सोडायची हीटरची कांडी टायमरवर कधीही लावू नका. बादलीत पाणी आहे की नाही, लेकरू जवळ आहे की नाही, हे टायमरला कळत नाही.

दोन, मोटारीचा टायमर किंवा मोबाइल स्टार्टर जाणत्या वायरमनकडूनच बसवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येक बाईला दाखवा.

तीन, गावातले रस्त्यावरचे दिवे. भर दुपारी बारा वाजता दिवे जळत असलेलं एक गाव आम्ही पाहिलंय, आणि त्याच गावात सार्वजनिक शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री दिवा नव्हता. बिल दोन्हीचं आपल्याच करातून जातं. खांबावर टायमर किंवा उजेड ओळखणारा खटका बसवता येतो. कोणत्या वाटेवर दिवा हवा आणि कधीपर्यंत हवा, हे त्या वाटेनं जाणाऱ्या बायांनीच सांगायला हवं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. तिथे ठराव मांडा, सह्या करा आणि ठराव ग्रामसभेच्या कामकाजात लिहून घ्यायला लावा.

चार, घरात जे काही आपोआप चालतं त्याची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, याची वेळ कुणी लावली आणि ती बदलायला कुणाला येते. यादीत एकदाही तुमचं नाव आलं नाही, तर आज संध्याकाळीच शिकायला सुरुवात करा. लेकीला विचारा, सुनेला विचारा, त्यांना मोबाइल येतो.

१८९० साली महालक्ष्मीच्या सभेत त्या दोन बायांच्या हाती ना घड्याळ होतं ना खटका. त्यांनी उभं राहून वेळ मागितली आणि आज आपण सगळे रविवार पाळतो. आपल्या हाती तर आता खटकाही आहे.

पुढच्या भाषणात आम्ही पिठाच्या गिरणीचा इतिहास घेऊन येऊ. तोवर नमस्कार.